आधी दोन्ही कानांना लावा

आमच्या केंद्रप्रमुखांनी भर मुलाखतीत स्वतःच्याच डाव्या कानशिलावर खाडकन चापट मारून घेतली आणि तिथेच जैबुनआपांची नेमणूक पक्की झाली.

राहुरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, दोन खोल्यांत आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र चालायचं. सकाळी भक्तिगीतं, मग बाजारभाव, मग कुठल्या पिकाला कुठलं खत, धरणात पाणी किती, आणि या सगळ्याच्या मधे मधे माझा आवाज. मी निवेदक. आवाज भारदस्त, छाती बेताची. ध्वनिमुद्रणासाठी माणूस हवा होता, म्हणून आम्ही मुलाखती घेत होतो. चार तरुण पोरं येऊन इंग्रजी नावांची यादी म्हणून गेली होती आणि पाचव्या नंबरला पन्नाशीच्या घरातली, डोक्यावर पदर घेतलेली, हातात भाजीची पिशवी असलेली ही बाई आली. आम्हाला वाटलं, कुणाला तरी भेटायला आली असेल.

"तुम्हाला कोणकोणती यंत्रं हाताळता येतात?" साहेबांनी विचारलं.

आपांनी पिशवीतून हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरला. "आधी आयका साहेब, मंग इचारा."

साहेबांनी हेडफोन लावला, डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी गर्रकन मागे वळून पाहिलं. (मागून कुणीतरी "चहा उतू चाललाय" असं ओरडलं होतं.) मग जरा शांतता, आणि मग ती चापट. खोलीत डास नव्हता. तो आदल्या संध्याकाळी आपांच्या स्वयंपाकघरात, आपांच्या डाव्या कानाजवळून गेला होता. आम्ही सगळे हसलो. आपा हसल्या नाहीत. "एका माइकनं घेतला तर डास निस्ता वाजतो," त्या म्हणाल्या, "चावायला येत न्हाई."

ही त्यांची विद्या. बायनॉरल म्हणतात तिला. साहेबांना तो शब्द शेवटपर्यंत नीट म्हणता आला नाही. हरभऱ्याएवढे दोन माइक, एक या कानाच्या भोकाशी, एक त्या. बास. बाकी सगळं काम डोकं करतं, आणि तेही आतून नव्हे, बाहेरून. आपा कुणालाही समजावून सांगायच्या तेव्हा समोरच्याचं डोकं दोन्ही हातांत धरायच्या, मग तो शिपाई असो की कृषी अधिकारी. "डाव्या अंगानं आलेला आवाज डाव्या कानात आधी शिरतो. उजव्यात इवलासा उशिरा, अन् मधी हे एवढं मडकं आडवं, म्हनून जरा दबून. आन् पुढचा का मागचा, वरचा का खालचा, ते ह्या कानाच्या मुरडी सांगत्यात." असं म्हणून त्या कानाची पाळी चिमटीत धरून दाखवायच्या. "देवानं ह्या मुरडी काय डूल अडकवायला न्हाई केल्या. आपन हेडफोनात दोन कानांचं दोन आवाज जसंच्या तसं परत दिलं, की मेंदू फसतो. त्याला वाटतं, आपन तिथंच हावोत."

त्यांचं एक वाक्य आमच्याकडे पाठ झालं होतं. "आवाज कुठनं येतो ते आधी सांगा, किती येतो ते मागनं."

त्यांचे अब्बा जत्रेत भोंगे लावायचे. पारनेर तालुक्यातल्या सगळ्या यात्रा, लग्नं, प्रचारसभा त्यांनी वाजवल्या. आपा लहानपणी वायरींची भेंडोळी डोक्यावर घेऊन बापाबरोबर फिरल्या, पुढे आयटीआय केलं, आणि बापाशी जन्मभर एकाच गोष्टीवरून भांडत राहिल्या. अब्बांचं म्हणणं, आवाज मोठा तर माणूस मोठा. आपांचं म्हणणं, भोंग्यात माणूस कुठे उभा आहे हेच कळत नाही, तर मोठा काय आणि छोटा काय. अब्बा गेल्यावर ते सगळे भोंगे त्यांनी भंगारात घातले. भावाबंदांनी बोल लावले. आपांनी ते बोलसुद्धा ध्वनिमुद्रित करून ठेवलेत, कोण कुठे बसून काय बोललं, सगळं.

काम करताना त्या स्वतःचंच डोकं वापरत. माइक कानात, त्यावरून पदर. वाऱ्याला तेवढा आडोसा पुरतो. आणि मग सुरू व्हायची एक विलक्षण शिस्त. आवंढा गिळायचा नाही, कारण तो ढगासारखा गडगडतो. मान वळवायची नाही, कारण ती वळली की सगळं गाव तुमच्याभोवती गरकन फिरतं. बांगड्या नाहीत. त्यावरून त्यांच्या गावात बायका कुजबुजल्या, नवरा धडधाकट असून हात मोकळे कसे. आपांनी चारचौघींत उत्तर दिलं, "बांगड्या वाजत्यात. माझ्या माणसाला चालतंय, तुमचं काय अडलंय?" रमजानात त्यांचं काम फक्त सकाळी व्हायचं. दुपारनंतर पोट बोलायला लागतं, आणि ते पोट ऐकणाऱ्याला स्वतःचंच वाटतं, म्हणे. एकदा एका श्रोत्यानं भर कार्यक्रमात जेवायला उठल्याचं कळवलं होतं.

पाथर्डीच्या गाडीतला तो किस्सा तर मी शंभर वेळा सांगितला असेल. ऊसतोडीला निघालेली माणसं गाडीत कशी बसतात, बोचकी, लेकरं, कोयते, शेवटच्या हाका, हे आपांना घ्यायचं होतं. खिडकीशी ताठ बसून त्या घेत होत्या. कंडक्टर आला. "तिकीट." आपा गप्प. "ओ मावशी, तिकीट." आपांनी मान न वळवता सुटे पैसे वर केले. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं. आता आली का पंचाईत! आपांनी बोटानं नुसतं पुढे दाखवलं. तेव्हा तो भला माणूस त्यांच्या उजव्या कानाशी वाकला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "मावशी, आयकू येतं का न्हाई?" गाडीत त्या वेळी सगळ्यात जास्त ऐकणारं माणूस म्हणजे आपाच. हे सगळं त्या ध्वनिमुद्रणात आहे. हेडफोन लावून ऐकणारा प्रत्येक जण त्या ठिकाणी डावीकडे झुकतो, आजही.

रेडिओवर मात्र या विद्येचं सोनं होईना. गावागावांत मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर किंवा टपरीवरच्या डब्यावर आमचं केंद्र लागायचं, आणि तिथे दोन्ही कान एका ठिकाणी येऊन आपांची सगळी दुनिया सपाट व्हायची. इयरफोन लावणारी पोरं होती, पण त्यांची वेगळीच तऱ्हा. दोघी मैत्रिणी एक जोडी वाटून घेणार, एक बोंडूक हिच्या कानात, एक तिच्या. राहुरीच्या स्टँडवर आपांनी अशा दोन कॉलेजकन्यांना उभं करून झापलं होतं. "भाकरी अर्धी करून खाता येती, हे न्हाई येत. येकीला निस्ता डावा गाव आन् येकीला निस्ता उजवा!" त्या पोरींना वाटलं, बाईला काहीतरी झालंय. पुढच्या वेळी त्याच दोघी केंद्रावर आल्या, आळीपाळीनं दोन्ही कानांनी ऐकून गेल्या.

मी हे असं गमतीगमतीनं सांगतोय खरं, पण आपांची खरी ओळख मला पटली ती त्या शाळेच्या प्रकरणात.

पारनेर तालुक्याच्या कडेला एक वस्ती आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे दोन खोल्यांची, चौथीपर्यंतची शाळा. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे, बैलगाडीच्या वाटेच्या पल्याड, खडी फोडण्याचं क्रशर आलं. सकाळी शाळा भरली की पाठोपाठ तेही भरतं, आणि शाळा सुटली तरी ते सुटत नाही. शिंदेबाई तिथल्या शिक्षिका. त्यांचा घसा दिवाळीपर्यंत पार बसला. वस्तीनं अर्ज केले. मोजणी करणारी माणसं आली, शाळेच्या फाटकाशी यंत्र धरून उभी राहिली, आणि आवाज मर्यादेत असल्याचा कागद देऊन गेली. त्या दिवशी क्रशर अर्ध्या पोटावर चाललं होतं हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगत होतं, पण पोराच्या सांगण्याचा कागद होत नाही. क्रशरची परवानगी आता नव्यानं द्यायची होती. एकदा दिली, की पुढची काही वर्षं त्या शाळेत शिकवणं संपलं.

आपा तिथे गेल्या होत्या भारुडाच्या रेकॉर्डिंगला. परत आल्या त्या रागातच. "फाटकाशी मोजतात! फाटकात कोन पोर बसून शिकतंय? पोर बसतंय भितीला पाठ लावून. मशिन त्याच्या पाठीत हाय, बाई त्याच्या तोंडापुढं. कुठनं येतं ते इचारलंच न्हाई कुनी."

साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. क्रशरचे शेठ आमच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाचे प्रायोजक होते. त्यांचं नाव मीच रोज, आवाज जरा खाली आणून, आदरानं घ्यायचो. आपांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रेडिओच्या नावानं जात न्हाई. माझ्या कानांनी जाते."

पहिल्या खेपेला त्या स्वतः पोरांच्या रांगेत मांडी घालून बसल्या आणि माइक कानात घालून घेतलं. शेठच्या माणसांनी गावसभेत लगेच खोट काढली, की बाई मुद्दाम मशिनकडे कान करून बसली असणार. शिवाय बाईचं डोकं मोठ्या माणसाचं, पोराचं नव्हे. दुसरा मुद्दा आपांना पटला. वैऱ्याचं असलं तरी बरोबर ते बरोबर, असा त्यांचा हिशेब. मग त्यांनी डोकं करायला घेतलं.

आधी त्या नगरच्या फेटेवाल्याकडे गेल्या. फेटा बांधून ठेवायला त्याच्याकडे लाकडी डोकी असतात. आपांनी हातात घेऊन पाहिलं. "हे कारभाऱ्याचं हाय. मला तिसरीतलं पायजे." मग गाठला गणपतीच्या कारखान्यातला म्हातारा मूर्तिकार, रघूमामा. त्यानं पोराच्या मापाचं डोकं बघता बघता घडवलं आणि कान रबराच्या साच्यातून काढले. फार देखणे कान. नितळ, दोन्ही अगदी सारखे, कडेला नाजूक वळण. आपांनी त्यात माइक बसवले, मला दुसऱ्या खोलीत हेडफोन लावून बसवलं आणि डोक्याच्या मागे जाऊन टाळी वाजवली. मी पुढे बोट दाखवलं. पुन्हा मागे टाळी, पुन्हा माझं बोट पुढे. रघूमामाला त्या म्हणाल्या, कान बदला. म्हातारा दुखावला. "पन्नास वर्षं झाली, माझ्या कानाला कुणी नाव ठेवलं न्हाई."

"मामा, तुमचं कान दर्शनाचं हायेत," आपा म्हणाल्या. "मला आयकायचं पायजेत."

सवयीनं त्यानं कानाच्या सगळ्या मुरडी गुळगुळीत केल्या होत्या. देवाच्या कानाला कोण कशाला खाचखळगे ठेवेल? शेवटी आपांनी तिसरीतल्या एका मुलीला तिच्या आईसकट कारखान्यात आणलं आणि तिच्या कानांचे ठसे घेतले. ती मुलगी हसून हसून बेजार, दोन ठसे वाया गेले. तिसरा जमला. त्यात डुलाचं भोकसुद्धा उमटलं होतं. या वेळी आपांनी मागे टाळी वाजवली आणि मी खुर्चीत दचकून मागे वळलो.

ते डोकं त्यांनी वर्गात, मागच्या भिंतीला लागून, पोरांच्या मधे पोराच्या उंचीवर ठेवलं. पोरांनी त्याला नवी मुलगी ठरवून टाकलं आणि हजेरीच्या वेळी तिच्या वतीनं "हजर" म्हणायला सुरुवात केली. आपांनी वस्तीतली दोन आणि शेठची दोन माणसं बोलावून जागा दाखवली, डोक्याभोवती जमिनीवर खडूनं रेघ मारली आणि सगळा शाळेचा दिवस घेतला.

परवानगीची सुनावणी कचेरीत होती, तिच्या आदल्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, तुमी येता का उद्या? दोन वाक्यं बोला निस्ती. ह्या बाईचं काम मी बघितलंय, एवढंच. तुमचा आवाज साऱ्या तालुक्याला वळखीचा हाय."

"बघतो," मी म्हणालो. आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

गेलो मात्र. सकाळची पाळी संपवून गेलो आणि दाराबाहेर, व्हरांड्यात, वस्तीच्या माणसांच्या मागे उभा राहिलो. आत टेबलामागे सुनावणी घेणारे अधिकारी, एका बाजूला शेठ आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला शिंदेबाई आणि आपा. आपांच्या मांडीवर ते डोकं, रुमालात गुंडाळलेलं.

अधिकाऱ्यांनी डोकं पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे यंत्र कुणाचं? रेडिओ केंद्राचं का? त्यांचं कुणी आलंय?"

आपांची नजर दाराकडे आली. माणसांच्या खांद्यांवरून त्या नजरेनं मला बरोबर शोधलं. मी भिंतीवरची सूचना वाचायला लागलो. काय लिहिलं होतं देव जाणे.

"न्हाई साहेब," आपा म्हणाल्या. "मी येकलीच हाय."

अधिकारी म्हणाले, लावा तुमचं रेकॉर्डिंग, तिथे स्पीकर आहे, सगळ्यांनाच ऐकू जाईल. आपांनी मान हलवली. "स्पीकरवर न्हाई लावनार." खोली चपापली. "स्पीकरवर ते खोटं व्हतंय साहेब. कानाला लावा. वेळ लागंल, लागू द्या. सगळ्यांनी आयकायचं, येकेकानं."

अधिकारी माणूस बरा होता. त्यानं हेडफोन घेतला आणि फोनवर बोलतात तसा एकाच कानाला धरला.

"दोन्ही कानांना, साहेब."

"ऐकू येतंय मला."

"आयकू यीन. कुठनं येतंय ते कळनार न्हाई. आधी दोन्ही कानांना लावा."

अधिकाऱ्यांनी दुसरा कान झाकला. तेवढ्यात वकील उठले. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. रेकॉर्डिंग हवं तेवढं मोठं करून वाजवता येतं. बटण बाईंच्या हातात. मग शाळेत आवाज किती होता, हे यावरून कसं ठरणार?

मी मनात म्हटलं, संपलं.

"येकदम बरोबर बोललात वकीलसाहेब," आपा म्हणाल्या, आणि खरोखर खूश दिसल्या. "म्हनूनच बटन मी हातात घेत न्हाई. तुमी घ्या. ह्या रेकॉर्डिंगात सकाळचा टाइम हाय, मशिन सुरू व्हायच्या आधीचा. बाई हजेरी घेत्यात. आता शिंदेबाई इथंच उभ्या ऱ्हात्याल, वर्गात डोक्यापासून जेवढ्या लांब हुत्या तेवढ्याच. दोरी आनलीय मी मापाची. साहेबांनी येकदा हेडफोन काढून खऱ्या बाईंना आयकायचं, येकदा लावून. दोघी सारख्या वाटंपर्यंत बटन फिरवा. मंग हात काढा, पुढं कुनी हात लावायचा न्हाई."

दोरी ताणली गेली. शिंदेबाई खिडकीपाशी उभ्या राहून, बसलेल्या घशानं, हजेरी घेऊ लागल्या. वकिलांनी स्वतः बटण फिरवलं. अधिकारी हेडफोन लावत, काढत, पुन्हा लावत. शेवटी म्हणाले, "झालं. सारखं आहे." वकिलांनीही ऐकून मान डोलावली. आपल्याच मुद्द्यानं आपल्याला बांधलंय हे त्यांना तेव्हा कळलं नसावं.

मग आपांनी अधिकाऱ्यांपुढे कागद आणि पेन्सिल ठेवली. "आता बाई तोंडी गणितं घालत्यात. धा हायेत. तिसरीची. उत्तरं ल्ह्या साहेब."

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. अधिकाऱ्यांनी लिहायला सुरुवात केली. पहिलं उत्तर, दुसरं, तिसरं. चौथ्याला त्यांचा हात थांबला आणि त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे फायलींचं कपाट होतं. त्यांनी पुन्हा पुढे पाहिलं, खुर्ची थोडी पुढे ओढली, जणू खुर्ची सरकवून बाईंच्या जवळ जाता येईल. दोनदा पेन्सिल कागदाला टेकली आणि उचलली गेली. खांदे वर आले. कुणी मागून ढोसत असल्यासारखा तो माणूस बसला होता, आणि आम्हाला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. पंखा फिरत होता, बस.

हेडफोन काढला तेव्हा त्यांचं कपाळ घामेजलं होतं. कागदावर तीन उत्तरं होती.

"धातली तीन," आपा म्हणाल्या. आवाज चढला नाही. "तुमी येकदाच बसला साहेब. ती पोरं रोज बसत्यात. आन् वर्साच्या शेवटी आपन त्यांना म्हनतो, डोकं न्हाई."

मग आपांनी हेडफोन वकिलांपुढे धरला, मग शेठपुढे. शेठ म्हणाले, मला गरज नाही. "हाय," आपा म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला. बराच वेळ ठेवला. शेठना अखेर तो घ्यावा लागला. मला त्या हाताचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी आठवलं, की मी व्हरांड्यात उभा आहे.

निकाल लागला. त्या जागेवर परवानगी पुन्हा मिळणार नाही, आणि यंत्र हलेपर्यंत शाळेच्या वेळात ते बंद. वस्तीनं पेढे वाटले, आमच्या केंद्रावरही आणून दिले. त्याच महिन्यात आपांचा करार संपला आणि तो पुढे वाढवला गेला नाही. कारण विचारायला त्या गेल्या नाहीत. केंद्राच्या वायरी मोजून परत दिल्या, रुमालात बांधलेलं डोकं काखेत मारलं आणि साहेबांना म्हणाल्या, "येते. तुमचे कान चांगले हायेत, वापरत जा." मी त्या वेळी स्टुडिओत बाजारभाव वाचत होतो. काचेतून दिसलं. थांबून दोन शब्द त्यांच्याबद्दल बोलावेत असं फार वाटलं. कांदा, सोयाबीन, तूर, सगळं वाचून झालं आणि गाणं लावलं.

पुढे काही आठवड्यांनी त्यांचा अनुभवाचा दाखला द्यायचा राहिला होता, तो घेऊन मी गेलो. घरी कळलं, आपा त्या शाळेत गेल्यात. मोटारसायकल वस्तीकडे वळवली. क्रशर बंद होतं. एवढी शांतता, की गाडी थांबवल्यावर मलाच चोरट्यासारखं झालं. वर्गाच्या दाराशी पोचलो तर आपा मागच्या भिंतीला पाठ टेकून, पोरांच्या रांगेत, मांडी घालून बसलेल्या. डोक्यावर पदर. आमची नजरानजर झाली नाही, पण त्यांचा तळहात हळूच वर आला. थांबा. मी दारातच थांबलो. शिंदेबाई तोंडी गणितं घालत होत्या, साध्या आवाजात, बोलताना बोलतो तसं. पोरं उत्तरं देत होती.

मधली सुट्टी झाली. आपांनी माइक काढले आणि दाखल्याकडे न पाहता माझ्या हातात हेडफोन दिला. "आयका. मशिन नसताना वर्ग कसा असतो ते घेतलंय. उद्या कुनी म्हनलं, काय फरक पडला, तर दावायला."

मी त्यांच्या जागी बसून ऐकलं. बाई समोर. डावीकडे कुणीतरी नाक ओढतंय. उजवीकडे वहीचं पान. वर पत्र्यावर चिमण्यांची नखं. सगळं आपापल्या जागी होतं. मग लांब मागे, उजव्या अंगाला, गाडी थांबल्याचा आवाज आला. मग खडीवर चपला. त्या जवळ आल्या, दाराशी आल्या आणि थांबल्या. पुढे बाई गणितं घालत राहिल्या, पोरं उत्तरं देत राहिली, आणि माझ्या उजव्या खांद्याकडे, दारात, कुणीतरी घसा साफ केला आणि काहीच बोललं नाही.

मी वळून पाहिलं. दार रिकामं होतं.

"आपा," मी हेडफोन काढला, "शेवटचं तेवढं कापून टाका ना."

"का?"

"बरं नाही वाटत."

"म्या न्हाई कापनार," त्या म्हणाल्या. रागावून नाही, नेहमीसारख्याच. "तुमी जिथं हुता, तिथं हुता."

मला लाज वाटली. कचेरीत वाटायला हवी होती ती, इतक्या दिवसांनी, त्या पोरांच्या रिकाम्या सतरंजीवर बसून वाटली.

"सुट्टी संपली की दुसरं घेते," त्या म्हणाल्या. "बसायचं तर आत बसा."

घंटा झाली. पोरं आत आली, माझ्याकडे बघून खिदळली, सरकून जागा केली. आपांनी माइक कानात घातले, पदर ओढला, भिंतीला टेकल्या. मी त्यांच्या बरोबर पुढे, तिसरीच्या रांगेत, गुडघे पोटाशी घेऊन बसलो. शिंदेबाईंनी पहिलं गणित घातलं. पोरांनी तोंड उघडायच्या आत मी, बाजारभाव वाचायच्या त्या आवाजात, खणखणीत उत्तर दिलं.

वर्ग हसून लोळला. मी मागे वळलो. आपांना हसता येत नव्हतं, रेकॉर्डिंग चालू होतं. मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले, पदराचं टोक दातांत धरलेलं, आणि दोन्ही खांदे गदगदा हलत होते.